कॅमेऱ्याचं मागचं दार

"कुणी सांगितलं होतं उघडायला?" वीरभद्रप्पा एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की शेजारच्या घरातला मिक्सर बंद पडला.

दानम्मा फडकं हातात धरून उभ्या. खंडेनवमी होती. विळी, पाना, शिलाई मशीन पुसून झाल्यावर त्यांनी नवऱ्याचा जुना कॅमेराही पूजेला घेतला. उभट डबा, एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो. विभूतीला कपाळ सापडेना, म्हणून भिंगांच्या मधेच तीन बोटं ओढली आणि आतली धूळ काढायला मागचं दार उघडलं. तेवढ्यात वीरभद्रप्पांनी झडप घालून ते लावलं.

"आत फिल्म हाय! उजेड लागला की खलास! अक्काचे सगळे फोटो गेले!"

अक्का म्हणजे दुधनीच्या चंद्रव्वा, वीरभद्रप्पांची थोरली बहीण. आहेराच्या साडीवरून धरलेला अबोला सोडून गेल्या आठवड्यात त्या पहिल्यांदा घरी आल्या होत्या. "ह्यो कॅमेरा असताना मोबाईल कशाला?" म्हणत वीरभद्रप्पांनी सगळ्यांचे मोबाईल खिशात घालायला लावले. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून ते काचेत बघत होते. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळं अक्काला दरवेळी भलतीकडंच सरकवत होते. आता अक्कानं तिकडं फ्रेमसुद्धा आणून ठेवली होती.

"परत रुसली, तर ह्या घरात पाय ठेवायची न्हाय ती. तुझ्यामुळं!"

"मग कुलूप लावायचं की! फ्रिजचं दार उघडलं तर आतलं दूध नासतं व्हय?"

"जन्म गेला तुझा फोटोग्राफरच्या घरात!"

"कॅमेऱ्याला हात लावू दिलाय व्हय तुमी कधी?"

वीरभद्रप्पा जेवले नाहीत. बायकोचा गुन्हा कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही सांगून आले. संध्याकाळी वाया गेलेली फिल्म तिच्यापुढं आपटायची म्हणून त्यांनी दार उघडलं, तर रीळ जसंच्या तसं गच्च. वरची चिकटपट्टीसुद्धा सुटली नव्हती. त्या दिवशी फिल्म भरतानाच दारात अक्काची हाक आली होती. त्यांनी रीळ आत टाकून दार लावलं आणि फिल्मचं टोक पलीकडच्या रिकाम्या रिळात ओवायचं राहूनच गेलं. दांडी फिरत राहिली, आकडे सरकत राहिले, फिल्म जागची हललीच नाही.

दानम्मांनी पट्टीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. त्या लालबुंद झाल्या. पण बोलणार तोच फोन वाजला.

"अक्का हाय," वीरभद्रप्पा पुटपुटले. "काय सांगू गं?"

दानम्मांनी फोन हिसकावला. "अक्का, दानम्मा बोलते. फोटो गेले. मीच उघडला कॅमेरा... व्हय, मीच... न्हाय हो, त्यांची काय चूक?" मग बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" करत ऐकून त्यांनी फोन ठेवला.

"उद्या येतायत. मला झापायला."

"मुक्कामाला?" वीरभद्रप्पांचा चेहरा फुलला.

"तर! एका दिवसात उरकायचं न्हाय म्हणाल्या."