प्रवासी ट्रेलरसाठी टायर निवड समिती

जुळे सोलापूर येथील रहिवासी श्री. प्रदीप बनसोडे यांच्या मालकीच्या प्रवासी ट्रेलरचे दोन्ही टायर तडकले असून ते बदलणे आवश्यक आहे, ही बाब गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला निदर्शनास आली. त्याहून गंभीर बाब अशी की, ट्रेलर दारात आल्यापासून हे टायर रस्त्यावर धावलेच नव्हते. नव्या रबरावर असते ती बारीक काटेरी लवसुद्धा शाबूत होती. ते नुसते उन्हात उभे राहून म्हातारे झाले होते. उभी हयात सरकारी खात्यात गेल्यामुळे बनसोडे साहेबांना हे पटायला वेळ लागला नाही.

ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं घर. आत दोन बिछाने, घडीचं टेबल, एवढासा ओटा आणि खिडक्यांना पडदे. निवृत्तीनंतर साहेबांनी तो पुण्याच्या एका हौशी माणसाकडून घेतला आणि ट्रकवर चढवून आणला. त्यानेही तो दारातच हौसेने उभा केला होता. मूळ हट्ट साहेबांच्या पत्नी राजश्रीबाईंचा. लग्न झाल्यापासून त्या जिथे जिथे फिरायला गेल्या ते प्रत्येक गाव कुठल्या तरी नातेवाइकाचं निघालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिथल्या स्वयंपाकघरात सापडल्या. नाशिकचा विषय निघाला की इतरांना गोदावरी आठवे, त्यांना चुलत नणंदेची परात. आता त्यांचं मागणं एवढंच होतं की, एकदा वेंगुर्ल्याला जायचं, समुद्रापाशी राहायचं आणि कुणाच्याही घरी उतरायचं नाही. "समुद्राला वाढावं लागत नाही," त्या म्हणाल्या होत्या. साहेबांनी जानेवारी महिना मंजूर केला होता.

दुसरा कुणी असता तर दुकानात जाऊन दोन टायर घेऊन आला असता. पण साहेब भांडार विभागातून निवृत्त झालेले. तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय त्यांनी टाचणीही खरेदी केलेली नव्हती. कांदेसुद्धा ते तीन गाड्यांवर भाव विचारून, रात्रभर विचार करून, दुसऱ्या दिवशी आणत.

ते होटगी रोडवर हणमंतच्या टायरच्या दुकानात गेले आणि ट्रेलरसाठी टायर हवेत असं सांगितलं. हणमंतने उसाच्या ट्रॉलीचे काढायला घेतले. हा राहायचा ट्रेलर आहे, यात माणसं झोपतात, असं ऐकल्यावर त्याने साहेबांकडे एकदा नीट पाहिलं.

"मग टेम्पोचा बसंल की. वजन पेलायला तोच बरा. कंपनी कुठली देऊ?"

"चांगली कुठली?"

"सगळ्याच चांगल्या हायत की, साहेब. वाईट असती तर दुकानात ठिवली असती का?"

साहेब घरी परतले. निकषाशिवाय खरेदी होते हे त्यांना ऐकून माहीत होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी ते प्रथमच पाहत होते.

म्हणून समिती नेमण्यात आली. सकाळी फिरायला येणारी सगळी मंडळी तिच्यात आली आणि अध्यक्षपद शेजारच्या सतीश उडाणशिवेंकडे गेलं, कारण तडा प्रथम त्यांनी पाहिला होता. ते विमा विकत असल्यामुळे टायर फुटल्यावर काय काय होतं याचा त्यांचा अभ्यास होता. सभा बनसोडेंच्या ओसरीवर भरे. मोबाइलवर 'टायर निवड' नावाचा ग्रुपही निघाला. त्यात राजश्रीबाईंना घेण्यात आलं, म्हणजे चहाला किती माणसं येणार ते त्यांना कळावं.

समितीत मतांची टंचाई नव्हती. एका सदस्याच्या मते टायर परदेशीच हवा. परदेशी माल घेऊन फसलेल्या दुसऱ्याच्या मते देशीच हवा. सर्वांत ठाम मत ज्यांचं होतं त्यांना सायकलही चालवता येत नव्हती. पण त्यांचा मेहुणा पिंपरीला कुठल्याशा कारखान्यात होता, आणि त्या बळावर त्यांनी तीन बैठकांत कोणालाही पुढे जाऊ दिलं नाही. चाकात साधी हवा भरावी की नायट्रोजन, यावर सभात्यागही झाला. सभात्याग केलेले सदस्य फाटकाबाहेर उभे राहिले. त्यांना चहा फाटकाबाहेर पाठवावा लागला.

जानेवारी लागला. राजश्रीबाईंनी कपाटातली सुती पातळं वेगळी काढली आणि काम कुठवर आलंय असं विचारलं. अहवाल अंतिम टप्प्यात आहे, असं त्यांना सांगण्यात आलं.

त्यातून मापाचा प्रश्न उपस्थित झाला. टायरवर कोरलेलं माप वाचून दुकानदाराला सांगता आलं असतं, पण प्रत्यक्ष नमुना दाखवलेला बरा, असा ठराव झाला. ट्रेलर विटांवर उचलून दोन्ही चाकं काढण्यात आली. ती सतीशरावांच्या मोटारीच्या डिकीत बसून शहरभर दुकानं पाहत हिंडू लागली. ट्रेलरच्या चाकांनी केलेला हा पहिला प्रवास.

त्याच सुमारास एका कचेरीतून कर आकारणी करणारे एक गृहस्थ गल्लीत आले. ट्रेलरपाशी थांबले, खाली वाकले आणि लिहू लागले. साहेब धावत बाहेर आले आणि हे वाहन आहे असं सांगितलं.

"चाकं होती तोवर वाहन होतं," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "आता हे विटांवर उभं आहे. विटांवर जे उभं असतं, त्याला आमच्यात बांधकाम म्हणतात."

"चाकं बसवतो की लगेच."

"बसवा ना. पण मग बांधकामाचा वापर बदलला असं होईल. त्याला परवानगी लागते."

साहेबांना राग यायला हवा होता. पण आयुष्यात इतकी बिनचूक टिपणी त्यांच्या कानावर क्वचितच पडली होती. त्यांनी गृहस्थांना आत बोलावून चहा दिला आणि पावती घेतली. ट्रेलरला घर क्रमांक मिळाला. त्याची पाटी साहेबांनी स्वतः स्क्रूने बसवली, पुसून घेतली आणि लांबून पाहिली.

बातमी कुंभारीला पोहोचली आणि साहेबांची बहीण शालन सहकुटुंब दाखल झाली. भावाने दुसरं घर घेतलं आणि बहिणीला कळवलंही नाही, म्हणून ती पायरीवरच रुसून बसली होती. पडदे पाहिल्यावर तिचा राग गेला.

"वैनी, लई झाक हाय हो. आमी हितंच ऱ्हातो आता, तुमाला घरात गर्दी नको."

शालन ट्रेलरमध्ये राहिली. ट्रेलरमधला ओटा लहान पडत असल्यामुळे सगळ्यांचा स्वयंपाक घरातच होऊ लागला. गृहप्रवेश झाला नव्हता हे कुणाच्या तरी लक्षात आलं, तेव्हा समितीला पुरणपोळीचं जेवण घालण्यात आलं. राजश्रीबाई सकाळपासून पुरण वाटत होत्या आणि त्यांच्या प्रवासाच्या वाहनात पाहुणे गाद्या वाळवत होते.

फेब्रुवारी सरता सरता अहवाल आला. तो एकमताचा होता, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. समितीच्या मते आता उन्हाळा तोंडावर होता. सोलापूरच्या उन्हात उभा राहून नवा टायरही तडकेल. सबब आज टायर घेणं म्हणजे अपव्यय. निवड पावसाळ्यानंतर करावी, तोवर समितीला मुदतवाढ द्यावी. टाळ्या झाल्या. राजश्रीबाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि त्या आत गेल्या. कप ज्याचे त्याला उचलून घ्यावे लागले, त्याबद्दल इतिवृत्तात नाराजी नोंदवण्यात आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या एक पिशवी घेऊन स्टँडवर गेल्या आणि कोल्हापूरच्या एसटीत बसल्या. बसच्या टायरांची कंपनी त्यांनी विचारली नाही. टायर ट्यूबचे आहेत की बिनट्यूबचे, आत हवा कुठली आहे, याचीही चौकशी केली नाही. कोल्हापूरला त्यांनी गाडी बदलली. त्या गाडीचे टायर तर रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले होते.

संध्याकाळी 'टायर निवड' ग्रुपवर एक फोटो आला. ओली वाळू, लाटेचा फेस आणि खाली कडेला दोन अनवाणी पावलं. सोबत मजकूर नव्हता.

समितीची तातडीची बैठक झाली. एकट्याच गेल्या का, कुणाला विचारून गेल्या, हे मुद्दे थोडक्यात आटोपण्यात आले. मुख्य प्रश्न साहेबांच्या जेवणाचा होता. डब्यासाठी तीन खानावळींकडून दरपत्रकं मागवायचं ठरलं. शालनने आपण नंतर येऊ असं सांगून दुपारीच कुंभारी गाठली होती. साहेब उपाशी राहणार, या कल्पनेने सायकल न येणाऱ्या सदस्यांचा आवाज कापरा झाला. टायरचा विषय पहिल्यांदाच कुणी काढला नाही.

समुद्र कसा वाटला, असं मात्र त्या ग्रुपवर कुणीही विचारलं नाही. वाचकहो, तुम्हीही अजून विचारलेलं नाही. शेवटी टायर कुठल्या कंपनीचे घेतले, हे कळायची वाट बघत तुम्ही इथवर आलात. समितीत अजून एक जागा करता येईल. तुमची पात्रता पाहता मुलाखतीची गरज दिसत नाही.