सुपारी सुदाच्या हातात

शब्बीरमामा माणसाच्या तोंडाकडं बघत नसत, पायांकडं बघत. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. पेढे घेऊन शिरूरला त्यांच्या बँडच्या दुकानात गेलो, तर पेढा तोंडात टाकून ते माझ्या चपलांना म्हणाले, "शिकला, पर डावा पाय अजून आळशीच हाय." नवरदेव असो नाहीतर फौजदार, मामांची ओळख घोट्याखालीच.

त्यांना आमच्या घरात आणलं सुदानं, माझ्या धाकट्या भावानं. शिकवलेलं त्याच्या डोक्यात फार सावकाश उतरायचं. शाळेनं दुसरीतच हात टेकले. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, आई कांदे निवडायला जायची. सुदाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून आई त्याला एसटी स्टँडवर ओळखीच्या चहावाल्याजवळ बसवून जायची. आपल्यामागं याचं कसं व्हायचं, हा आमच्या घरातला रोजचा विषय.

कंडक्टर खाली उतरून, हातानं खुणा करत गाडी मागं कशी घेतात, ते सुदा दिवसभर बघायचा. मग स्वतःच घ्यायचा. एक हात हवेत, पाय मागं मागं, वळणाला कंबर, आणि शेवटी पत्र्यावर मारावी तशी मांडीवर थाप. लोक हसायचे. मामा मात्र एक दिवस त्याच्या पायांसमोर उकिडवे बसले आणि आईला म्हणाले, "ताई, ह्यो नाचतोय."

बँड वाजवेल तसं नाचणाऱ्यानं नाचायचं, ही सगळीकडची रीत. मामांनी ती उलटी केली. सुदा पुढं, बँड त्याच्या पायांमागं. सुदा थांबला की अख्खा बँड थांबायचा. ट्रंपेटवाला कुरकुरला, तर मामा त्याच्या बुटांना म्हणाले, "घाई आसंल तर एसटीनं जावा."

मग भांडगावच्या एका पुढाऱ्याकडचं लग्न आलं. त्यांना सुदाचाच नाच हवा होता. आमच्याकडं ठरलं म्हणजे हातात सुपारी ठेवतात. पाहुणे ती माझ्या हातात ठेवायला लागले. मी थोरला, त्यात शिकलेला. मीही हात पुढं केला. मामांनी तो हळूच खाली केला. "नाचनार कोण? त्याला इचारा की."

सुदानं सुपारी घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "घोडा हाय का?"

"हाय की. पांढराशुभ्र."

सुदानं सुपारी परत दिली. घोड्याला तो फार भ्यायचा.

मी त्याला समजवायला लागलो. पाहुणे मामांना गळ घालायला लागले. मामा सुदाच्या पायांकडं बघत राहिले. "त्यो न्हाई म्हनला. न्हाई म्हंजी न्हाई."

बँडवाले मामांशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. शेवटी पुढारी स्वतःच आले. नवरदेव जीपमधून यायला तयार होता. सुदा खूश झाला. त्यानं ती जीप बँडच्या तालावर, हात हलवत, थेट मांडवापर्यंत मागं घेतली. नवरदेव पाठमोरा पोचला आणि सुदाचं नाव दौंड तालुक्यात झालं.

पुढं मामांचे दात गेले, क्लॅरिनेट वाजवणं सुटलं, दुकान बंद झालं. घरात बायको नाही, मूल नाही. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघायचे, एवढंच उरलं. सुदाच्या जोडीला तोवर दौंडची, त्याच्यासारखीच दोन पोरं आली होती. नाच ते तिघंच बसवायचे.

एका दुपारी सुदा मामांकडं निघाला. मी येऊ का म्हटलं, तर नको म्हणाला. तरी मी मागोमाग गेलोच. त्यानं मामांच्या हातात सुपारी ठेवली.

"वरवंडला लगीन हाय. म्होरं चालायचं."

"मला वाजवता येत न्हाई रं आता."

"वाजवू नका. चाला."

मामांनी सुपारी उलटीपालटी केली. म्हणाले, "घोडा हाय का?"

"न्हाई. म्या इचारलंय."

मामांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते कोणाच्या तोंडाकडं बघत होते, आणि बघतच राहिले.

सुदा आज स्वतःच्या नाचावर जगतो. सुपारी त्याच्याच हातात येते.