पाहुण्या संघाचा नाश्ता

विद्यापीठाचे सामने कसे भरवायचे, हे ग्वाल्हेरीत फक्त दोघांना कळतं, असा बळवंतरावांचा दावा होता. त्यांतले दुसरे वारले होते!

कॉलेजच्या क्रीडा अधिकारीपदावरून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी ते शहात्तर सालचा खो-खोचा फोटो रोज पुसत. हातात चषक, डोक्यावर भरपूर केस!

त्या दिवशी नात सीमंतिनीचा आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना होता. तो पाहूनच निवड समिती विद्यापीठाचा संघ ठरवणार होती, आणि तिचं हे शेवटचं वर्ष.

"नऊला रिपोर्टिंग आहे, आजोबा. तुम्ही फक्त बघायचं, बाकी काही नाही करायचं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!" म्हणून आजोबा दूध आणायला निघाले. वाटेत गोरखी वाड्यापाशी ट्रॅकसूटमधल्या बारा मुली एका बिस्किटपुड्यावर तुटून पडलेल्या. मुरैन्याच्या कॉलेजचा, म्हणजे सीमंतिनीच्या समोरचाच संघ! त्यांच्या मॅडम कागदपत्रं घेऊन मैदानावर पुढे गेल्या होत्या.

बळवंतरावांचा जीव कळवळला. आमच्या काळी पाहुण्यांचं पोट भरल्याशिवाय नाणं उडत नसे! त्यांनी सगळ्यांना माधवगंजला घरी नेलं. जेवताना मोबाइल नको, म्हणून बारा फोन टोपलीत जमा केले. पत्नी दुर्गाबाई थालीपिठं लावत होत्या, बळवंतराव जिलबी वाढत होते, आणि शहात्तर सालच्या गोष्टी रंगात आल्या होत्या. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला.

"आजोबा, साडेनऊ झाले, समोरची टीमच गायब आहे! वॉकओव्हर देतायत!"

"अरे वा! बधाई!"

"कसली बधाई? मॅचच नाही, तर सिलेक्टर माझं काय बघणार? ते निघाले!" सीमंतिनी रडायलाच लागली.

बळवंतरावांनी पंगतीकडे पाहिलं. कॅप्टन गरिमाच्या हातातली जिलबी तिथंच थांबली.

"दादाजी, गायब तो हम हैं!"

तीन ई-रिक्षांत बारा मुली कोंबून बळवंतराव मैदानावर पोचले आणि पंचांपुढे हात जोडले. "दोष माझा!" पंच ढिम्म. शेवटी सीमंतिनीनंच कागदावर लिहून दिलं, आम्हाला वॉकओव्हर नको. गाडीत बसलेली समिती खाली उतरली.

थालीपीठ पोटात घेऊन पाहुण्या जड पळत होत्या, पण गरिमा मात्र हाती लागेना. अखेर सीमंतिनीनं खुंटावर असा सूर मारला, की तिला टिपलंच! बळवंतरावांचे डोळे भरून आले. दोघींचीही निवड झाली.

संध्याकाळी सीमंतिनी फोटोपुढे उभी राहिली. "आजोबा, तुम्ही ही फायनल किती गुणांनी जिंकली होती?"

बळवंतराव चष्मा पुसू लागले.

"आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "पाहुणे पंगतीतून उठलेच नाहीत!"