तिसरा व्हॉल्व्ह

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. जपानमधल्या मोरिओका गावातलं एक कॉफीचं दुकान. दहा-बारा गिऱ्हाइकं बसलीत, पण हूं नाही की चूं नाही! कारण भिंतीवर पाटी: ‘इथे गाणं ऐकावं. बोलणाऱ्याने बाहेर जावं.’ कॉफीसुद्धा मागवायची ती बोटं दाखवून!

पाटी लावली होती मालकांनी, गेन्झो आजोबांनी. त्यांना अलीकडे बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. पण हे त्यांना सांगणार कोण? पाटी होती ना!

त्या दिवशी हात्सुए आजी आल्या होत्या. नवऱ्याच्या स्मृतिदिनी त्या दरवर्षी दोघांच्या आवडीची तबकडी घेऊन येत, ऐकत आणि चारच्या गाडीने परत जात. तबकडी लागली मात्र, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा अ‍ॅम्प्लिफायर किंचाळला!

“पाच मिनिटं!” आजोबा म्हणाले. “याची नस न् नस मला ठाऊक आहे.”

अ‍ॅम्प्लिफायर जुना, त्यातले बल्बसारखे काचेचे चार व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे तापले होते. आजोबांनी जेवायची लाकडी काडी घेतली. काडीने हलकेच ठोकलं, की बिघडलेला व्हॉल्व्ह कर्ण्यातून वाजतो. इतकी सोपी परीक्षा!

पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसरा... बारीकसं टिंऽऽग! सगळ्या माना वर झाल्या. आजोबांची तेवढी खालीच. चौथा गप्प.

“चौघेही ठणठणीत!” म्हणत त्यांनी फ्यूज बदलला. किंचाळी! तारा बदलल्या. किंचाळी! साडेतीन वाजले.

पोस्टमन इवाबुचींना राहवेना. त्यांनी तीन बोटं वर केली. आजोबांनी तीन कप कॉफी आणून ठेवली! मग शेजारच्या न्हाव्याने तीन बोटं नाचवली. आणखी तीन कप!

“आजोबा,” सात वर्षांची नात चिझू कुजबुजली, “अहो, तो ति...”

“श्शऽऽ! पाटी वाचता येते ना?”

हात्सुए आजींनी घड्याळ पाहिलं आणि तबकडीचं रिकामं पाकीट हळूच जवळ ओढलं. चिझूने ते पाहिलं. तिने स्टूल सरकवलं, वर चढली आणि पाटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“तिसराऽऽ!” अख्खं दुकान ओरडलं.

“तिसरा व्हॉल्व्ह हो, मालक!”

“आणि ही कॉफी मागितली कुणी?”

आजोबांनी फडक्याने धरून तिसरा उपटला, नवा बसवला. सुई टेकली. गाणं आलं, अगदी निवळशंख! हात्सुए आजींनी डोळे मिटले, आणि शेवटच्या सुरापर्यंत उघडले नाहीत. गाडीला अजून दहा मिनिटं होती.

त्या गेल्यावर आजोबा उसळले, “इतका वेळ तोंडं शिवली होती का रे तुमची? एकालाही सांगता आलं नाही?”

सगळ्यांनी चिझूकडे पाहिलं.

ती पुन्हा स्टुलावर चढली आणि तिने पाटी सरळ केली.