जोडीदाराचं उत्तर

आमच्या शेजारचे रामकिसन काका उन्हाळ्यात कूलर लावतात, पण स्वतःला नाही. कूलरचं तोंड चार जुन्या कंप्युटरांकडे असतं आणि काका दाराशी पुठ्ठ्यानं वारा घेत बसतात. गेल्या मे महिन्यात मी थर्मामीटर नेऊन पाहिला. कंप्युटरांपाशी तेहतीस, काकांपाशी एक्केचाळीस. "मशीन तापलं तर बंद पडतं," काका म्हणाले. "माणूस नुसता वरडतो."

काका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या भाच्याकडून मोडीत निघालेले कंप्युटर आणले आणि गुरुत्वीय लहरी शोधायला बसले. दूर आकाशात जड तारे गरगरले की अवकाशात लहरी उठतात म्हणे. परदेशातली यंत्रं त्या टिपायला कान लावून असतात. पण नोंदींचा ढीग इतका, की तपासायला तिथले कंप्युटर पुरत नाहीत. म्हणून नोंदींचे तुकडे इंटरनेटवरून जगभरच्या हौशी लोकांना वाटतात. त्यातले काही आमच्या चकलांब्यात येतात.

एवढं गणित कशाला लागतं, असं मी एकदा विचारलं. "गाळपात कारखान्याच्या गेटवर हजार बैलगाड्या," काका म्हणाले. "त्यातल्या एका बैलाचं घुंगरू वळखायचं. कोणता बैल, ठावं न्हाई. कुठनं येतो, ठावं न्हाई. कसा चालतो, त्ये बी न्हाई. आता समदे बैल, समदे रस्ते, समद्या चाली लावून बघ." मी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला. शून्यं कागदाबाहेर गेली.

गावाचा समज वेगळाच. लहरी धरणारा माणूस पाणीही दाखवेल, म्हणून एकजण नारळ घेऊन आला, बोअर कुठं घेऊ विचारत. काकांनी त्याला तासभर बैल, रस्ते आणि चाली समजावल्या. तो नारळ टाकून पळाला. काकांनी चटणी केली.

त्याच मे महिन्यात गावची विजेची डीपी जळाली. नवी यायला आठवडा लागणार होता. एका तुकड्याचं अकरा तासांचं काम बाकी आणि मुदत परवाची. काकांनी मला मोटारसायकल काढायला लावली. तलवाड्याला माझा मेहुणा राहतो, तिथं वीज होती आणि इंटरनेटही. गोधडीत गुंडाळलेला कंप्युटर मांडीवर घेऊन काका मागे बसले. दर खड्ड्याला माझ्या पाठीत गुद्दा. "हळू बे. गरवार बाई बसलीय असं समज."

रसवंतीवर थांबलो तेव्हा मला राहवलं नाही. मुदत चुकली तर तो तुकडा दुसऱ्या कुणाला तरी देतात, हे काकांनीच मला सांगितलं होतं. मग ही वरात कशासाठी?

काकांनी ग्लास खाली ठेवला. "एक तुकडा दोघांला देत्यात, बापू. दोघांचं उत्तर जुळलं तरच धरत्यात. जोडीदारानं त्याचं चार दिसांमागंच देऊन ठिवलंय. वाट बघत आसंल."

"कोण आहे तो?"

"नाव लावलं न्हाई त्यानं." मग रसातल्या बर्फाकडे बघत म्हणाले, "तुझी काकू गेल्यापासनं मी बोललो ते बरोबर का चूक, सांगणारं घरात कोणी न्हाई."

पुढची सगळी वाट मी खड्डे चुकवत गेलो.

मेहुण्याच्या माजघरात कंप्युटर अकरा तास घरघरला. काका जेवायलाही उठले नाहीत, ताट तिथंच मागवलं. सकाळी पडद्यावरची एक ओळ बदलली. दोन्ही उत्तरं जुळली होती. लहर मात्र नव्हतीच, सगळी नुसती खरखर.

"म्हंजे एवढं करून काईच सापडलं न्हाई की," मेहुणा म्हणाला.

"न्हाई सापडलं," काका गोधडीची घडी घालत हसले. "दोघांला बी न्हाई."