देवाचं बोलावणं

टीव्हीवर देव प्रकटले की आमच्या गल्लीतली माणसं हात जोडतात. रुक्माक्का मात्र खुर्ची फिरवतात आणि देवाकडे पाठ करून बसतात.

हुबळीच्या आमच्या केशवापुरात नवं बिऱ्हाड आलं की हे बघून चरकतं. तसं अक्कांचं देवाशी काही वाकडं नाही, रोज सकाळी पूजा असते. पण ही मालिका मूळची हिंदी. तिचं कन्नड बेंगळुरूला होतं, आणि त्यातल्या देवाला आवाज देतो अक्कांचा सुधीर. पडद्यावरचा नट तेल चोपडलेली छाती काढून उभा असतो, त्याच्याशी अक्कांना देणंघेणं नाही. "तोंड परक्याचं," त्या म्हणतात. "घसा आमचा."

घरोघरी टीव्ही असूनही आम्ही मालिका बघायला अक्कांकडेच जमतो. देवाच्या तळहातातून निळा झोत निघतो, राक्षस गरगरत ढगांपार जातो, आणि दरबारातल्या प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा जवळून दाखवतात. अक्का पाठमोऱ्या बसून शेंगा सोलत नुसतं ऐकतात. मागचं संगीत फार दणदणलं तर चिडतात. देवाला जरा बोलू द्या की, म्हणतात. जन्मभर मराठी शाळेत मुलांचे उच्चार घासूनपुसून घेतलेली बाई, मुलाच्या कन्नडातही खडा खपवून घेत नाही. एकदा देवानं इंद्राला असा शाप दिला की आमच्या अंगावर काटा आला. अक्कांनी लगेच सुधीरला फोन लावला. शाप देताना नाक चोंदलं होतं तुझं, वाफ घे, म्हणाल्या.

पलीकडून बहुतेक "हूं" एवढंच येतं. दिवसभर बोलून त्याचा घसा बसतो, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. साऱ्या जगाला उपदेश करणारा आवाज आईच्या वाट्याला असा हुंकारापुरता उरतो, आणि अक्का तो हुंकारही मिरवतात. आज सुधीर दोनदा हूं म्हणाला, असं मला सांगतात. बेंगळुरूला का जात नाही विचारलं तर उत्तर ठरलेलं. "बोलावलं की जाईन." मुलाच्या दारातही न बोलावता जायचं नाही, हा त्यांचा ताठा. त्यांची कापडी पिशवी मात्र कायम दाराच्या खुंटीला धुऊन लटकवलेली असते. ती दिसली की मला सुधीरचा राग यायचा.

मालिकेतले देव छापील कन्नड बोलतात. 'या' म्हणायचं तर "बन्नी" म्हणतात. आपल्या हुबळीकडे म्हणतात "बर्री", आणि आईला "अव्वा". परवाच्या भागात एक थकलेली म्हातारी डोंगर चढून देवाच्या दारात पोचली, आणि देव म्हणाला, "बर्री अव्वा, बर्री."

सगळी खोली उसळली. देव आपल्या हुबळीचा निघाला होता. भाजीवाली निंगव्वा म्हणाली, मला पहिल्यापासून संशय होता. दुसऱ्या दिवशी रिक्षावालेसुद्धा गिऱ्हाइकाला देवाच्या थाटात बोलावत होते. मलाही उगाचच छाती फुगवून चालावंसं वाटलं, आमच्या गल्लीतला आवाज होता तो.

भाग संपला तेव्हा अक्कांचा चेहरा तेवढा पडला होता. "चुकला," म्हणाल्या, आणि कान उपटायला त्यांनी फोन लावला. फोनवर ऐकू कमी येतं म्हणून त्या स्पीकर लावतात, त्यामुळे मीही ऐकलं. सुधीर त्या दिवशी हूं म्हणाला नाही.

"लिहिलेलं 'बन्नी'च होतं, आई. पण त्या बाईनं दारात पिशवी ठेवली आणि पदरानं मान पुसली. तू शाळेतून आलीस की पुसायचीस तशी. तोंडातून तेच आलं. इथं सगळ्यांना आवडलं, राहू दिलं त्यांनी."

अक्कांनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "कुठली म्हातारी? मी बघितलीच नाही की."

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागला तेव्हा त्यांनी खुर्ची सरळ केली. देवाकडे ढुंकूनही बघितलं नाही, म्हातारी पडद्यावरून जाईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिल्या. शेंगा तशाच मांडीवर होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात रिक्षा उभी. खुंटीवरची पिशवी हातात, अंगावर ठेवणीतलं इरकल. कुठे निघालात विचारलं तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "देवाचं बोलावणं आलंय."

निंगव्वानं टोपली खाली ठेवून त्यांचा हात धरला आणि डोळ्यांना पदर लावला. सकाळी सकाळी असं अभद्र बोलू नका, म्हणाली.

"अगं, बेंगळुरूला चाललेय," अक्का रिक्षात बसत म्हणाल्या. "बर्री म्हणाला ना तो. साऱ्या कर्नाटकासमोर म्हणाला." मग रिक्षा सुरू झाल्यावर बाहेर वाकून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दोनदा म्हणाला."