गव्हाणीतलं अंडं

“अगं, ती माझी जेवायची जागा आहे. तिथे अंडं घालू नकोस, पस्तावशील!” गाईनं बजावलं होतं. कोंबडीनं नुसती मान उडवली. खाली मांजर, खुराड्यात उंदीर. गव्हाणीइतकी सुरक्षित जागा आख्ख्या गोठ्यात नव्हती. तिनं स्वतः चारदा पाहणी केली होती!

वीस दिवस ती अंड्यावर ठाण मांडून बसली. एकविसाव्या रात्री गोठ्यात एक सुतार आणि त्याची बायको आपल्या गाढवासह उतरली. गावात त्यांना कुठेच जागा मिळाली नव्हती. कोपऱ्यात त्यांची काहीतरी धावपळ चालली होती. कोंबडी दोन घोट पाणी प्यायला उतरली. फक्त दोन घोट! परत येऊन बघते तर काय, गव्हाणीत माणसाचं बाळ! वर सुतार गवत थोपटून सारखं करतोय. थोपटून!

“माझं अंडं फुटलं असणार!”

“तू बसतेस तेव्हा नाही फुटत,” गाय रवंथ थांबवून म्हणाली. “हे पोर तुझ्यापेक्षा हलकंच दिसतंय.”

कोंबडीनं गव्हाणीवर उडी मारली. सुतारानं “हुश्!” करून हाकललं. पुन्हा उडी, पुन्हा हुश्!

“गाढवदादा, तुम्ही तरी त्यांना समजावून सांगा हो!”

गाढवानं आनंदानं समजावून सांगितलं. गोठ्याचं छप्पर हाललं, बाळानं टाहो फोडला आणि बाळाच्या आईनं गाढवाकडे असं पाहिलं की ते थेट भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं.

तेवढ्यात बाळाला बघायला मेंढपाळ आले, मागोमाग मेंढ्या. कोंबडीनं एकीच्या कानात सांगितलं, “ताई, कडेचं थोडं गवत खा, म्हणजे अंडं दिसेल.” मेंढ्यांत एकीला सांगितलं की सगळ्यांना सांगितल्यासारखंच! चौदा तोंडं एकदम गव्हाणीत घुसली, गव्हाण कलली, सुतार धावला आणि...

टक्. टक् टक्.

सगळे जागच्या जागी थिजले. बाळाच्या कुशीजवळून एक ओलं, पिवळं डोकं वर आलं. त्यानं समोर पाहिलं. समोर बाळ.

“आई!” पिल्लू म्हणालं.

“अरे सोन्या, इकडे! मी तुझी आई!” कोंबडी ओरडली.

पिल्लानं तिला नीट न्याहाळलं. “हळू बोला ना, काकू. आई झोपतेय.”

गाय कोंबडीकडे बघत सावकाश रवंथ करू लागली. असं बघणं बोलण्यापेक्षा जास्त लागतं!

कोंबडीनं दाणे आणले, किडे आणले, पंख पसरून बसून दाखवलं. पिल्लू बाळाच्या दुपट्यातून हलेना. मग एका पहाटे ती माणसं घाईघाईनं निघाली. गाढवावर आई, आईजवळ बाळ, बाळाच्या दुपट्यात पिल्लू. कोंबडी वेशीपर्यंत धावली, पण गाढवाची पावलं लांब पडतात.

तेव्हा मुलांनो, तुमच्या दारावरून असं कुणी गेलं, तर त्या दुपट्यात जरा डोकावून बघा. पिल्लू खातंय ना नीट? त्याच्या त्या आईला चोच नाही हो. दाणे टिपायला त्याला कोण शिकवत असेल?